उपकार झाले

मी पाणी मागितलं होतं. एवढंच.

जेवणाची पंगत बसली होती. टिनाच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या पोत्यांना पाठ लावून. भाजी तिखट होती. मला ठसका लागला. ठसक्यात माणूस शब्द शोधत बसत नाही, आतून जे येतं तेच बोलतं. मी म्हटलं, "एर."

आमच्या गोंडीत पाण्याला एर म्हणतात.

पंगत थांबली. वाढायला माई होत्या. माई म्हणजे, आम्ही ज्यांच्याकडे राहत होतो त्या बाबूजींची बायको. हातात तांब्या घेऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय मांगून राह्यली तू?"

मी घाबरून पुन्हा म्हटलं, "एर." मराठी मला येत होती. सहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतच शिकले होते. पण त्या वेळी आली नाही.

माईंनी माझी वेणी धरली आणि ताटावरून ओढलं. खरकट्या हातानं मी फरफटत गेले, गोठ्याजवळच्या ढोरांच्या टाक्यापर्यंत. पाण्यावर शेवाळ होतं, कुटाराचा भुसा तरंगत होता.

"ढोराच्या भाषेत मांगतं, तं ढोरावानी पी."

डोकं दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं. वर काढलं. पुन्हा दाबलं. माझं कपाळ सिमेंटच्या काठाला लागून फुटलं. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "हिच्याहून आपला पांढरा बैल बरा पिते." मग सगळे हसले.

"आता म्हण," माई म्हणाल्या.

काय म्हणायचं ते पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "उपकार झाले."

"शहाणी हाय."

त्यांनी माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. मी परत ताटावर येऊन बसले. भातावर कपाळाचं रक्त टपकत होतं, तो भात बाजूला सारून बाकीचा खाल्ला. आणि खरं तेच लिहिते, मला बरं वाटलं. वाटलं, माझ्यातलं काहीतरी घाण होतं, ते माईंनी काढलं. तेरा वर्षांची होते मी.

त्या जागेला सगळे नुसतं "कुटुंब" म्हणत. आर्वीहून रोहण्याकडे जाताना रस्त्यापासून आत बाबूजींची शेती, गोदाम, गोठा. त्यांचा धान्याचा व्यापार. पोरके, रांडमुंड बाया, घरातून निघालेले, दारूतून सुटलेले असे बरेच जण तिथे राहत. काम करत, जेवत, बाबूजींचं ऐकत. जागेचं खरं नाव इथे लिहीत नाही. केस सुरू आहे.

माझं घर गडचिरोलीच्या जंगलातलं. आजारपणामुळे शाळा सुटली. माझ्या रक्तात सिकल आहे, सिकलसेलचा आजार. सांधे असे धरतात की कुणी आतून हाड पिळतंय असं वाटतं. कुटुंबातली एक बाई आमच्या गावाकडे यायची. ती आईला म्हणाली, पोरगी तिकडे दोन वेळ जेवेल, दवाही भेटेल. आईनं पाठवलं. आईचा त्यात दोष नाही. ती खोटं बोलत नव्हती, ती बाई. दोन वेळ जेवण मिळालं. दवा मिळाली.

आणखी एक खरं. पहिल्याच हिवाळ्यात मला असा झटका आला की श्वास लागेना. बाबूजींनी स्वतः उचलून जीपमध्ये टाकलं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त लागणार होतं. कुटुंबातली माणसं रांगेत उभी राहिली माझ्यासाठी. टाक्यावर हसलेली माणसं तीच. मी जगले ती त्यांच्यामुळे. हे मी नाकारत नाही. नाकारलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

सकाळी आम्ही अंगणात अनवाणी उभे राहत असू आणि एका सुरात म्हणत असू, "मी फोल. बाबूजी वारा. वारा नेईल तिकडे मी." धान्याच्या घरातली शिकवण, सगळी धान्याचीच. माणसात दाणा थोडा, फोल जास्त. भाषा फोल. माहेर फोल. रडणं फोल. बाबूजी कधी ओरडत नसत. खुर्चीवर बसून हळू बोलायचे, गालावर हात ठेवून. "बेटा, वारा कोनाले हात लावते का? वारा फक्त वाह्यते. जे हलकं असते ते आपसूक उडून जाते."

एक शब्द तिथे चालत नव्हता. काऊन. म्हणजे का. इकडे बाजारात, शेतात, एसटीत दर दुसऱ्या वाक्यात लोक काऊन म्हणतात. काऊन आली, काऊन नाई आली. कुटुंबात तो शब्द तोंडातून निघाला की शेजारचा माणूस तिथल्या तिथे थोबाडीत मारायचा. बाबूजींनी सांगायची गरज नव्हती. आम्हीच एकमेकांवर नजर ठेवून होतो. मीही ठेवायचे. मारायचेही. माझा हात चांगला चालायचा, त्याचं कौतुक व्हायचं.

आणि पाखडणी.

ज्याची चूक झाली त्याला शेडच्या मधोमध गुडघ्यावर बसवायचं. त्याच्या दोन्ही हातांत सूप द्यायचं, सुपात तूर. हात लांब करून सूप धरायचं. मग एकेकानं पुढे यायचं, त्याची चूक बोलायची आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीनं त्याला मारायचं. पाठीवर, मानेवर, जिथे बसेल तिथे. मार चुकवायला हात मोकळे नाहीत. सुपातली तूर सांडली की सगळे वेचायचे आणि पहिल्यापासून सुरुवात. शेवटी मार खाणाऱ्यानं म्हणायचं, "उपकार झाले." तो म्हणाला की संपलं. मग पंगत. तो म्हणेपर्यंत कुणीही जेवायचं नाही, लेकरंसुद्धा नाही.

सगळ्यात पहिली काडी कुणी मारायची, त्याचाही नियम होता. ज्याचा त्या माणसावर जास्त जीव, त्यानं. जीव लावणं हेही फोलच.

आणि "उपकार झाले" न म्हणता आजवर कुणीच राहिलं नव्हतं. न म्हणताही राहता येतं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

आईचा एकदा फोन आला. गावात सण होता, ये म्हणाली. माई शेजारी बसल्या होत्या पण काही बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, "माझं घर इथंच हाय." आईनं पुढे आग्रह केला नाही. मग तिनं गोंडीत विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी तिला मराठीत उत्तर दिलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं.

अशी मी मोठी झाले.

स्वयंपाक सुगंधाबाई करायची, मी तिच्या हाताखाली. ती रोहण्याच्या बाजूची. नवरा गेला, दिरानं घरातून काढलं, तेव्हापासून कुटुंबात. माझे सांधे धरले की ती गोडंतेल कोमट करून माझे गुडघे चोळायची आणि तोंडानं शिव्या द्यायची.

"मोठी राजाची लेक लागून गेली. पाय दाबून घेऊन राह्यली माह्याकडून."

"राहू दे मंग."

"राहू कशी देऊ? उद्या भाकरी कोन थापीन, तुही माय?"

मग स्वतःच हसायची. तिच्या भाकरीचा काठ कधी जळत नसे. बाबूजींवर तिचा माझ्याहून जास्त विश्वास. बाबूजींच्या चपलांची धूळ ती रोज पदरानं पुसायची आणि तोच पदर डोळ्यांना लावायची.

तिची एक मुलगी, रंजू. केळझरला दिली होती. तिचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण, घरात बाईमाणूस नाही. सुगंधाबाईनं विचारलं. बाबूजी म्हणाले, "बाहेर नातं ठेवलं का फोल वाढते, बेटा." ती हो म्हणाली. दोन दिवस तिनं भाकरी थापली. तिसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटलेली नव्हती.

चार दिवसांनी पहाटेच ती आपणहून परत आली. कुणी आणायला गेलं नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे दोन लाडू, माझ्यासाठी. चेहरा असा उजळलेला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"नातू झाला वं," ती माझ्या कानात म्हणाली. "नाक अस्सं. चपटं. तुह्यासारखं."

दुपारी पाखडणी लागली.

सुगंधाबाई स्वतःच मधोमध जाऊन बसली. पदर खोचला. सूप घेतलं. माईंनी माझ्याकडे पाहिलं. पहिली काडी माझी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी काडी घेतली. हात वर केला. खाली येईना.

सुगंधाबाई मान न वळवता म्हणाली, "मार वं पोरी. नाईतर तुले बी बसवतीन."

मी मारलं. मग सगळे आले. ट्रॅक्टर चालवणारे नामदेवभाऊ आले, भांडी घासणाऱ्या दोघी आल्या. जो तो म्हणायचा, "नातं ठेवलं," आणि मारायचा. म्हाताऱ्या बाईचे हात ते. थरथरले, तूर सांडली. वेचली. पुन्हा पहिली काडी माझी. पुन्हा सांडली. पुन्हा वेचली. ओली पऱ्हाटी कातडी सोलते. तिच्या चोळीची पाठ फाटली. बाबूजींच्या मुलाला राग आला, त्यानं काडी टाकून कमरेचा पट्टा काढला. पट्ट्याचं बक्कल तिच्या कानावर बसलं. कानातून रक्त मानेवर, मानेवरून सुपात. तूर लाल झाली.

बाबूजी गालावर हात ठेवून बसले होते.

"उपकार झाले," सुगंधाबाई म्हणाली. पंगत बसली. जेवण तिनंच सकाळी रांधलं होतं.

जेवण झाल्यावर मी तिच्यासाठी पाणी घेऊन गोदामात गेले. ती पोत्यांवर कुशीवर पडली होती. कानाखालचं पोतं भिजलं होतं. डोळे मिटलेले, अंग तापलेलं. तिथे कुणी नव्हतं. कुणी मारत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं. आणि तिचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"उपकार झाले. उपकार झाले. उपकार झाले."

मी तिला हलवलं. "सुगंधाबाई, मी हावो. कोनी नाई इथं."

तिनं डोळे उघडले नाहीत. दोन्ही हात पुढे केले, सूप धरल्यासारखे. आणि पुन्हा तेच.

माझ्या हातातला तांब्या पडला. टाक्यावरची मी मला दिसली. केसांतून पाणी निथळतंय, कपाळ फुटलंय, आणि बरं वाटतंय. कुणी बरं वाटायला लावलं होतं मला? तेव्हा डोक्यात तो शब्द आला. मी तो तोंडावर येऊ दिला नाही. पण आला तो गेला नाही.

मी बाबूजींकडे गेले. म्हटलं, सुगंधाबाईला दवाखान्यात न्यायला पाहिजे.

"ताप उतरंन, बेटा."

मी म्हटलं, "मले नेलतं तुम्ही. जीपमध्ये टाकून. तिले काऊन नाई?"

शब्द निघून गेला. माईंची थोबाडीत बसली तेव्हा मला कळलं की तो मोठ्यानं निघाला होता.

दुसऱ्या दिवशी माझी पाखडणी. जेवणाच्या आधी, नेहमीसारखी.

मी गुडघ्यावर बसले. सूप धरलं. सांधे आधीच धरले होते, कोपरात आग होती. पहिली काडी कुणाची? माझ्यावर जीव असणारी गोदामात पडलेली. मग माईंनीच मारली. त्यानंतर सगळे. "काऊन म्हणली." सप्प. "काऊन म्हणली." सप्प. ज्यांचं रक्त माझ्या अंगात होतं तेच माझ्या पाठीतून ते काढत होते. तूर मी सांडू दिली नाही. दात दातावर दाबून दाणे पाहत राहिले.

सगळ्यांचं झालं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी काही बोलले नाही.

मी ठरवून आले होते असं कुणी समजू नये. मी शूर नाही. आजही दार वाजलं तर मला घाम फुटतो. मी म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मला गोदामातले ते दोन हात दिसले, नसलेलं सूप धरलेले. तोंड तसंच मिटलं.

"म्हण," माई म्हणाल्या.

पुन्हा मार सुरू झाला. पुन्हा सगळे. मी गप्प. असं होत राहिलं. वरण थंड झालं, भाकरी वातड झाल्या. लेकरं भुकेनं कुरकुरायला लागली. भांडीवाली एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्हण न वं माय, लेकराईचे हाल होऊन राह्यले." आणि मारून गेली. पुढची काडी हलकी होती. त्यापुढची त्याहून हलकी. नामदेवभाऊ पुढे आले. काडी उचलली. माझ्या पाठीकडे पाहिलं. त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. कुणी त्यांना काही बोललं नाही.

तेव्हा बाबूजी खुर्चीवरून उठले. आवाज नेहमीचाच, हळू.

"तुले जित्ती कोनं ठेवली, बेटा?"

"तुम्ही."

"मंग?"

"त्याचे उपकार हायेत," मी म्हटलं. "याचे नाई."

त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. त्यांनी मुलाच्या हातातला पट्टा ओढून घेतला. बाबूजींनी. वारा हात लावत नाही म्हणणाऱ्या बाबूजींनी. पहिला फटका खांद्यावर. दुसरा तोंडावर, समोरचा दात तुटला. मग पट्टा टाकून गोदामाच्या दाराचा लोखंडी आडणा उचलला आणि तो माझ्या गळ्याखालच्या हाडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं. सूप उडालं. तूर शेडभर पसरली.

ते मारतच राहिले. "म्हण. म्हण, हरामी. म्हण." श्वास लागला होता त्यांना. धोतर सुटायला आलं होतं. टक्कल घामानं चमकत होतं. नाकातून शेंबूड ओठावर आला होता, तो पुसायचं भान नव्हतं. सगळे बघत होते. मी खाली पडून त्यांच्याकडे नाही, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. वारा कुणालाच दिसत नव्हता. दमलेला, चिडलेला एक म्हातारा दिसत होता.

तूर सांडली की नेहमी सगळे वेचायला धावतात. त्या दिवशी कुणी वाकलं नाही.

नामदेवभाऊ उठले. बाबूजींच्या हातातला आडणा धरला. मारला नाही, फक्त धरून ठेवला. "आता पुरे," म्हणाले. मग मला म्हणाले, "चालशीन का?"

त्यांनीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मला टाकलं, सुगंधाबाईला टाकलं आणि आर्वीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात माझं मोडकं हाड आतून टोचत होतं. सुगंधाबाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती पुटपुटत होती तेच. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताखाली ओठ हलत राहिले.

इथे ही गोष्ट संपली असती तर मलाही आवडलं असतं.

सुगंधाबाईचा एक कान कायमचा गेला. रंजू आली, बाळाला घेऊन. केळझरला घरी नेते म्हणाली. सुगंधाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं, नाक दाबून पाहिलं, हसली. आणि सुट्टी मिळाली त्या दिवशी कुणाला न सांगता कुटुंबात परत गेली. मी निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, "त्या पोरीनं बाबूजीले राग आणला. त्याईचा काय दोष?" आज ती पुन्हा भाकरी थापते. पंगत पुन्हा बसते. काही जण निघून गेले, नामदेवभाऊ गेले. बाकीचे आहेत. त्या म्हाताऱ्याला घामाघूम पाहिलेले लोकच सकाळी अंगणात उभे राहून त्याला वारा म्हणतात. आधी मला याचा राग यायचा. आता येत नाही. मला कुणी चहाचा कप पुढे केला तर आजही माझ्या तोंडात तेच दोन शब्द येतात. मी जीभ चावते. कधी कधी रक्त येतं.

मी आर्वीत राहते. कापसाच्या हंगामात जिनिंगवर जाते, एरवी मिळेल ते करते. हाड वाकडं जुळलं, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नाही. आई म्हणते घरी ये. जाईन. केस झाल्यावर जाईन.

तक्रार द्यायला गेले तेव्हा ठाण्यातल्या साहेबांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "त्याईनं तुले वाचवलं, खाऊपिऊ घातलं. अन् तू त्याईच्यावरच केस करून राह्यली?" त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बाबूजींचा फोटो होता. माझ्या हातून ग्लासातलं पाणी सांडलं. पण तक्रार लिहून घेईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

आता तारीख लागली आहे. त्यांच्या बाजूच्या साक्षीदारांत सुगंधाबाई आहे. ती कोर्टात येईल, एका कानानं ऐकेल आणि सांगेल की तिला कुणी मारलं नाही, ती चुलीपाशी पडली. ती हे शपथेवर सांगेल आणि तिला ते खरंच वाटत असेल. सांगू दे. तिच्या कानाचं मी सांगणार आहे. तिच्या समोर, तिच्या तोंडावर, पट्टा कुणाचा होता आणि पहिली काडी कुणी मारली त्यासकट.

त्यांचा वकील मला विचारील, तुझ्यावर बाबूजींचे उपकार नाहीत का? मी म्हणीन, आहेत. तो म्हणेल, मग? मग मी सांगायला सुरुवात करीन. मधूनच नाही, हाडापासून नाही, पाण्यापासून. आधी म्हणीन एर, मग मराठीत सांगीन त्याला काय म्हणतात, आणि मग टाक्यापर्यंत घेऊन जाईन सगळ्यांना.